उजव्या पायाची उडी

सुलेखा सबनीसला एखादी गोष्ट पहिल्या फटक्यात पटली, असं शॉमबर्गमध्ये कुणी कधी पाहिलेलं नाही. दुधाच्या कॅनवरची तारीख ती दोनदा वाचणार, टीव्हीवर ऊन सांगितलं की छत्री गाडीत टाकणार, आणि डेव्हन ॲव्हेन्यूवरचा मिठाईवाला "एकदम ताजा है" म्हणाला की खोका आधी नाकाशी नेणार. त्यात पोटापाण्याचा धंदाही तसलाच. एका कंपनीत ती सॉफ्टवेअर टेस्टिंग करायची. प्रोग्रॅम चालतो हे ऐकून घेण्याचा तिला पगार नव्हता. तो कुठे गचकतो हे शोधण्याचा होता. तिचा नवरा प्रताप चारचौघांत म्हणायचा, "हिच्यापुढे देव जरी उभा राहिला ना, तरी ही आधी आयडी मागेल." लोक हसायचे. सुलेखाही हसायची आणि मनात म्हणायची, मागायलाच पाहिजे.

तर अशा बाईच्या मुलीचा गुडघा गेला.

ही दोन हजार सहा सालची गोष्ट. मुलगी अनिका, सतरा वर्षांची, इथेच जन्मलेली, सॉकर म्हणजे जीव की प्राण. आदल्या नोव्हेंबरात क्लबच्या मॅचमध्ये ती हेडर मारायला उडाली, पुढे झेपावून डाव्या पायावर उतरली, आणि खाली बसली ती उठलीच नाही. गुडघ्याच्या आतला लिगामेंट तुटला होता. ऑपरेशन झालं. सर्जनने सुलेखाला स्पष्ट सांगितलं, की पाय पूर्ण तयार व्हायच्या आधी ही खेळली तर तो पुन्हा तुटू शकतो, आणि दुसऱ्या खेपेला मी कसलंच आश्वासन देणार नाही. प्रतापने ह्यातलं "तयार झाला की खेळेल" एवढंच ऐकलं. सुलेखाच्या कानात "पुन्हा तुटू शकतो" हे जे जाऊन बसलं, ते तिथून हललं नाही.

आता ऑगस्ट संपत आला होता. ऑक्टोबरात मोठी टूर्नामेंट होती आणि तिथे कॉलेजांचे कोच आपापल्या टीमसाठी पोरी निवडायला येणार होते. प्रतापने ही बातमी फोन करून करून अर्ध्या मराठी मंडळाला कळवली होती. अडलं होतं एका टेस्टवर.

टेस्ट घ्यायचा यतीन. यतीन मूळचा नागपूरचा, फिजिओथेरपिस्ट, रोझेल रोडवरच्या एका क्लिनिकमध्ये कामाला. माणूस गोड बोलायचा आणि रविवारी प्रतापबरोबर व्हॉलीबॉल खेळायचा. झालं! एवढं कारण सुलेखाला पुरेसं होतं. नवऱ्याचा दोस्त टेस्ट घेणार म्हणजे काठावरची पोरगी आत ढकलणार, असं तिने धरूनच टाकलं होतं. म्हणून प्रत्येक टेस्टला ती ऑफिसातून हाफ डे टाकून हजर.

टेस्ट तशी साधी. जमिनीवर चिकटपट्टीची रेघ. एका पायावर उभं राहायचं, लंगडी घालतात तशी पुढे जमेल तेवढी लांब उडी मारायची, त्याच पायावर उतरायचं आणि डगमगायचं नाही. आधी चांगला पाय, मग ऑपरेशनचा. दुखऱ्या पायाची उडी चांगल्या पायाच्या नव्वद टक्के भरली, की सर्जन सही करायला मोकळा.

अनिकाने उजव्या पायावर तीनदा उडी मारली. मग डाव्यावर तीनदा. यतीनने टेप लावली, कॅल्क्युलेटर दाबला आणि भुवया उंचावल्या.

"सत्त्याण्णव टक्के!"

"व्वा रे पठ्ठे!" प्रताप ओरडला. शेजारच्या टेबलावर खांदा शेकत पडलेला म्हातारा दचकला.

सुलेखाच्या मनात पाल चुकचुकली. गेल्या महिन्यात जी पोरगी जिना उतरताना कठडा धरत होती, ती आज सत्त्याण्णव? आणि पोरगी बघा, तोंडावर आनंद म्हणून नाही. बुटाची लेस सोडतेय आणि परत बांधतेय.

"अजून एक घेऊ नं," यतीन म्हणाला. "ही सर्जन मागत नाहीत, पण मी घेतो." त्याने अनिकाच्या बोटांना खडू फासला आणि तिला भिंतीशी उभं केलं. एका पायावर, जागच्या जागी, सरळ वर उडी मारायची आणि भिंतीला हात लावायचा. उजव्या पायावर अनिका अशी उडाली, की खडूचा ठसा दाराच्या चौकटीच्याही बराच वर उमटला. डाव्या पायावर मात्र ठसा चांगला वीतभर खाली राहिला.

"हे काय?" सुलेखाने विचारलं. "पुढे मारायला सांगितलं तर दोन्ही पाय सारखे, वर मारायला सांगितलं तर डावा कच्चा? पाय एकच आहे ना?"

"होतं असं ताई," यतीन म्हणाला. "पुढे उडी मारताना कंबर आणि घोटा मिळून गुडघ्याचं काम उरकून टाकतात. गुडघा फुकटचा पास होतो. वर उडी मारताना त्याला स्वतःला राबावं लागतं. दोन्ही टेस्ट पायाच्याच, पण त्या विचारतात वेगवेगळं. तरी सर्जनला पुढच्या उडीचाच आकडा लागतो. मी दोन्ही पाठवीन. पुढल्या मंगळवारी एकदा परत घेऊ, आणि मग पाठवीन."

प्रताप परत येताना गाडीत शीळ घालत होता. अनिका मागे कानात हेडफोन घालून बसली होती. सुलेखा खिडकीबाहेर बघत यतीनचं बोलणं मनात उलटंपालटं करत होती. डाव्या पायाचं तिला पटलं. कंबर, घोटा, सगळं पटलं. पण गोल्फ रोडच्या सिग्नलला गाडी थांबली आणि तिच्या डोक्यात एकदम लख्ख उजेड पडला. घोडं डाव्या पायाशी पेंड खातच नव्हतं! उजवा पाय धडधाकट. भिंतीवर तो केवढा उंच गेला. मग रेघेवरून पुढे मारताना एवढासाच का गेला? ज्या पायात वर जायला इतकी ताकद आहे, त्याला पुढे जायला काय धाड भरली?

एकच उत्तर. पोरगी चांगल्या पायाची उडी मुद्दाम आखूड मारत होती. चांगला पाय कमी गेला, की दुखरा आपोआप बरोबरीला येतो. सत्त्याण्णव काय, शंभरसुद्धा आणता येतात.

घरी आल्यावर तिने प्रतापला स्वयंपाकघरात गाठलं आणि हे सगळं सांगितलं.

"तू आपल्या पोरीवर संशय घेतेस?" प्रताप म्हणाला.

"पोरीवर नाही. उडीवर."

"यार सुलेखा, ती ॲथलीट आहे. एखादी उडी कमी जाते, एखादी जास्त."

"तिन्ही वेळा कमी? तिन्ही वेळा सारखीच? कुठेतरी पाणी मुरतंय, प्रताप."

प्रतापने फ्रिज उघडला आणि त्यात डोकं घातलं. वाद नको असला की तो हेच करायचा.

मग सुलेखाने आपल्या परीने तपास सुरू केला. डोळ्यांत तेल घालून. अनिका जिना कशी उतरते, गाडीतून कुठला पाय आधी टाकते, शॉवरनंतर गुडघा सुजलाय का. "बेटा, जरा ड्राइव्हवेवर एक उडी मारून दाखव ना," असं सहज म्हटल्यासारखं म्हणून पाहिलं. अनिकाने डोळे फिरवले. "आई, नॉट अगेन. आय ॲम फाइन." दार धाडकन लागलं. फाइन म्हणे! ह्या देशातली पोरं फाइन म्हणतात तेव्हा काहीएक फाइन नसतं, हे एव्हाना सुलेखाला पाठ झालं होतं. आणि रागही येत होता. अगं, तुझाच गुडघा आहे ना? आम्हाला फसवून मिळवणार काय, तर पुन्हा हॉस्पिटल! रागाच्या तळाशी नुसती भीती होती, पण सुलेखाला भीती कबूल करण्यापेक्षा राग सोपा जायचा.

शनिवारी मंडळाची पिकनिक होती. खेळांचं खातं कादंबरीकडे. ही सुलेखाची मैत्रीण, हातात शिट्टी आली की कुणालाच सोडायची नाही. सुलेखाने तिला आदल्या दिवशी फोन केला.

"लिंबू-चमचा आणि पोत्यांची शर्यत दर वर्षी असते गं. ह्या वेळी लंगडी ठेव ना. इथल्या पोरांना लंगडी म्हणजे काय तेसुद्धा माहीत नाही."

"अय्या, किती छान!" कादंबरी म्हणाली. भोळी बाई.

"पार्कात व्हॉलीबॉलची वाळू आहे, तिथेच घेऊ. पडलं तरी लागत नाही." हे खरंच होतं. आणि वाळूत पावलं उमटतात, हेही खरं होतं. ते सुलेखाने सांगितलं नाही. पर्समध्ये शिवणाची टेप टाकून ती पिकनिकला गेली.

अनिका आधी झाडाखाली पाय पसरून बसली होती. पण लंगडी सुरू झाली आणि वाळूत एकेक काकू धपाधप आपटायला लागल्या. पोरं "पाय टेकला! पाय टेकला!" करून ओरडत होती. अनिकाला राहवेना. "आई, मी ट्राय करू?"

"फक्त उजव्या पायावर. डावा वरच राहिला पाहिजे. यतीनकाकांनी उड्या चालतील म्हटलंय."

"आय नो, आय नो."

राज्य अनिकावर आलं. सुलेखा स्वतः पळणाऱ्यांत शिरली. साताऱ्याच्या शाळेत ती लंगडीत कुणाच्या हाती लागायची नाही, आणि आता पंचेचाळिशीत पँट गुडघ्यापर्यंत दुमडून ती असल्या गिरक्या घेत होती की प्रताप तोंडात भजी धरून बघतच राहिला. अनिकाने पाहता पाहता चारपाच जणांना गारद केलं. मग सुलेखा कोपऱ्यात सापडली. अनिका एका पायावर थांबली, दम घेत, डोळे चमकवत. सुलेखाने अंतर डोळ्यांनी जोखलं आणि मुद्दाम एक पाऊल मागे घेतलं.

"ये ना! एवढंच? म्हणे सॉकर प्लेअर!"

अनिका उभ्या जागेवरून उडाली. हात पुढे, केस तोंडावर, आणि ही लांब! उतरली ती थेट आईच्या अंगावर. दोघी वाळूत आडव्या झाल्या. अनिका खिदळत होती. सुलेखाच्या नाकातोंडात वाळू गेली होती, दम लागला होता, आणि तिलाही हसू आवरत नव्हतं. ऑपरेशननंतर पोरगी अशी पोट धरून हसलेली तिने पाहिली नव्हती. "आई, यू आर सो स्लो," अनिका म्हणाली आणि तिच्या दंडावर डोकं टेकून क्षणभर तशीच पडून राहिली.

मग ती ज्यूस आणायला गेली. सुलेखाने इकडेतिकडे पाहिलं, खाली बसली आणि पर्समधून टेप काढली. उडण्याचा ठसा स्पष्ट होता, उतरण्याचाही. क्लिनिकमधल्या उडीपेक्षा ही चांगली हातभर जास्त भरली. आणि तीही भुसभुशीत वाळूतून. सुलेखाने आकडा पुन्हा एकदा मोजला, टेप गुंडाळली आणि उठली. तिची शंका खरी ठरली होती. का कोण जाणे, त्याचा आनंद झाला नाही.

संध्याकाळी तिने यतीनला फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"ताई, तुम्ही मुलीला लंगडी खेळवून मोजमाप घेतलं?"

"घेतलं. मग काय करणार? तुम्ही तर आकडा पाठवायला बसलात."

"मी बसलो नव्हतो," यतीन जरा दुखावून म्हणाला. "उजव्या पायाचं मलाही खटकलं होतं. म्हणून तर मंगळवारी परत बोलावलं. तोवर तिला काही बोलू नका."

मंगळवारी प्रतापला मीटिंग होती. मायलेकीच गेल्या. ह्या वेळी क्लिनिकमधल्या एका छोट्या खोलीत तिघंच होते. अनिका रेघेवर उजव्या पायावर उभी राहिली, एक मोठा श्वास घेतला आणि उडी मारली. गेल्या खेपेएवढीच, आखूड. पुन्हा मारली. तेवढीच. यतीन तिच्या पायांकडे नाही, चेहऱ्याकडे बघत होता.

सुलेखाचा संयम तिथेच संपला. "पुरे झालं अनिका! पूर्ण मार."

"व्हॉट?"

"पूर्ण मार म्हणते मी. हा पाय ह्याच्या दीडपट जातो. तू मुद्दाम कमी मारतेस, म्हणजे डावा बरोबरीचा दिसेल. मला काय वेडी समजतेस? पुन्हा तुटला गुडघा तर कोण जबाबदार?"

अनिका पांढरीफटक पडली. आधी तिला कळलंच नाही. मग कळलं, आणि तिचा चेहरा वेडावाकडा झाला.

"यू थिंक आय ॲम चीटिंग?"

"मग काय आहे?"

"आय ॲम स्केअर्ड, आई!" अनिका ओरडली, आणि ओरडता ओरडताच रडायला लागली. "मला भीती वाटते. पुढे उडी मारली की मला तो आवाज येतो. तो पॉप, गुडघा तुटला तेव्हाचा. प्रत्येक वेळी. दोन्ही पायांना. मी मारायला जाते आणि बॉडी थांबते. वर मारताना नाही होत, कारण मी तिथेच खाली येते. पुढे लँड करायचं म्हटलं की..." यतीनने टिश्यूचा डबा सरकवला.

सुलेखा उभीच होती. भिंतीवरचा उंच ठसा आणि रेघेपुढची आखूड उडी, दोन्ही आकडे तिला पाठ होते. दोन टेस्ट जुळत नाहीत म्हणजे कुणीतरी लबाडी करतंय, एवढंच तिच्या धंद्याने तिला शिकवलं होतं. घाबरणं हे कारण तिच्या यादीतच नव्हतं.

"मग सांगितलं का नाहीस गं?" तिने विचारलं.

"कुणाला? डॅडने सगळ्यांना सांगून ठेवलंय. आणि तू... तू कधी विचारलंस? तू फक्त चेक करतेस."

यतीन हळूच म्हणाला, "हे बघ बेटा, दोन्ही पाय घाबरलेले असतील तर त्यांच्या बरोबरीला काही अर्थ नाही. आज मी हा आकडा पाठवत नाही. ऑक्टोबर विसर. भीतीवरपण काम करता येतं, गुडघ्यासारखंच. चालेल?"

अनिकाने मान हलवली. रडू थांबत आलं होतं, आणि खांदे एकदम सैल पडले होते. कुणीतरी आपल्याला थांबवावं म्हणून ती किती दिवस वाट बघत होती, ते सुलेखाला आत्ता दिसलं. गुडघा वाचला होता. हेच तर हवं होतं. तिने पुढे होऊन मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. अनिकाने तो झटकला नाही.

"शनिवारी नव्हतं झालं असं," अनिका नाक पुसत म्हणाली. "यतीनकाका, पिकनिकला आम्ही तो हॉपिंग गेम खेळलो. मी आईला पकडायला उडी मारली, खूप लांब, आणि मला भीतीच वाटली नाही. कारण तिथे कुणी मोजत नव्हतं. आई नुसती हसत होती."

यतीनने सुलेखाकडे पाहिलं आणि लगेच नजर हातातल्या पॅडकडे वळवली. तो काही बोलणार नव्हता. सुलेखाला ते कळलं. गप्प बसली असती तर गोष्ट तिथेच मिटली असती. पण दीडपट हा आकडा ती स्वतःच मघाशी बोलून गेली होती. आज ना उद्या पोरगी विचारणारच, की तुला कसं माहीत. आणि एवढं सगळं झाल्यावर त्या रडून लाल झालेल्या तोंडाला खोटं सांगणं तिच्याच्याने होईना.

"मी मोजत होते," ती म्हणाली.

"काय?"

"शनिवारी. तू ज्यूस आणायला गेलीस तेव्हा मी वाळूतली उडी मोजली. लंगडी मीच ठेवायला लावली होती. त्याचसाठी."

अनिकाने डोक्यावरचा हात हळूच बाजूला केला. ओरडली नाही, चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं.

"म्हणजे ती टेस्ट होती."

"हो."

"आणि तू हसत होतीस ते? आपण पडलो तेव्हा?"

"ते खरं होतं. देवाशपथ खरं होतं गं. मी विसरूनच गेले होते टेप वगैरे."

अनिका तिच्याकडे बघत राहिली. डोळे बारीक करून, चेहऱ्यावरचं काही खरं सापडतंय का ते शोधत. सुलेखाने तिला तसं बघू दिलं. हसणं खरं होतं हे दाखवायला तिच्याकडे काही म्हणजे काही नव्हतं.

"ओके," अनिका म्हणाली. एखाद्या अनोळखी माणसाला म्हणतात तसं. मग ती यतीनकडे वळली. "काका, मी उजव्या पायावर एकदा परत ट्राय करते. पण आईला बाहेर बसायला सांगा."

यतीन काही म्हणायच्या आत सुलेखाने पर्स उचलली आणि ती बाहेर आली. मागे दार लागलं. वेटिंग रूममध्ये एक बाई मासिक चाळत होती, टीव्हीवर स्वयंपाकाचा कार्यक्रम चालू होता. सुलेखा दाराला लागून असलेल्या खुर्चीवर बसली. आत यतीन काहीतरी हळू आवाजात बोलत होता. मग तो थांबला. मग धप्प आवाज आला. उडी लांब गेली की जवळच पडली, ते दाराबाहेरून काही कळत नव्हतं.